वाघांच्या गावातला शेरू

चंद्रपूर शहर कसं वसलं, ठाऊक आहे? एक ससा कुत्र्याच्या मागे लागला म्हणून!

हसू नका, पोट्टेहो. छपाईची चूक नाही. ससाच कुत्र्याच्या मागे लागला होता. निदान चंद्रपूरची जुनी दंतकथा तरी असंच सांगते. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी इथे गोंड राजा होता, खांडक्या बल्लाळशाह. त्याच्या अंगभर खांडकं उठलेली, औषध लागू पडेना. एकदा रपेटीला निघालेला राजा तहानेने व्याकुळ होऊन झरपट नदीपाशी पोचला. पात्र कोरडं होतं, पण एका खड्ड्यात थोडं पाणी होतं. राजा ते प्यायला, हातपाय-तोंड धुतलं आणि रात्री शांत झोपला. सकाळी बघतो तर खांडकं नाहीशी! त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे एकदा राजा याच भागात फिरत असताना झुडपातून एक ससा निघाला. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. आणि तो थेट राजाच्या कुत्र्याच्या अंगावर धावून गेला.

मग काय! पुढे कुत्रा, त्याच्या मागे ससा आणि सगळ्यांत मागे घोड्यावर चक्रावलेला राजा. ससा नागमोडी पळत होता, मोठमोठी वर्तुळं घेत होता. जिथून पाठलाग सुरू झाला होता तिथेच सगळे परत आले, तेव्हा कुत्र्याला एकदाचं धैर्य आलं. तो गर्रकन वळला आणि त्याने सशाला लोळवलं. राजाने ही गंमत राणीला सांगितली. राणी हुशार. ती म्हणाली, ही जागा साधी नाही. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधा आणि आत शहर वसवा.

तो तट आजही आहे. सुमारे ११ किलोमीटरचा हा परकोट पुढच्या राजांच्या काळात पुरा झाला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर अशा त्याच्या चार वेशी. मधल्या काळात त्यावर झाडंझुडपं माजली होती. २०१७ साली 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी हातात कुदळ-फावडी घेऊन तो साफ करायला सुरुवात केली. चंद्रपूरला गेलात तर बघा.

या कथेत राजाचं नाव आहे, देवाचं आहे, नदीचं आहे. कुत्र्याचं नाव मात्र नाहीच! मला हा अन्याय वाटतो. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचं नशीब बरं. त्याचं नाव खंड्या. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात, आणि त्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. जपानमधला हाचिको तर जगभर माहीत आहे. १९२५च्या मे महिन्यात त्याचे मालक, प्राध्यापक उएनो, अचानक वारले. पण मालक रोज ज्या गाडीने परतायचे त्या गाडीच्या वेळेला हाचिको तोक्योच्या शिबुया स्टेशनबाहेर येऊन थांबत राहिला. मार्च १९३५मध्ये तो मेला, तोपर्यंत जवळजवळ दहा वर्षं त्याचा हा क्रम चालू होता.

अशा गोष्टी ऐकल्या की मोठी माणसं 'कुत्र्यासारखं इमानी कुणी नाही' म्हणतात आणि चहाचा घोट घेतात. तिथेच विषय संपतो. पण आपल्याला पुढे विचारायचं आहे. हे इमान कुत्र्याच्या शरीरात असतं तरी कुठे? नाकात, डोळ्यात की मेंदूत? तुमचा मोती तुम्हाला ओळखतो म्हणजे नक्की काय करतो?

उत्तर शोधायला आधी आपल्याच गावांत जाऊ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत कुत्र्यांची नावं मोठी गमतीची. मोती, राजा, काळू तर असतातच. पण जिथे खरा वाघ फिरतो तिथेच वाघ्या, शेरू आणि टायगर जास्त. ताडोबाच्या आसपासच्या एखाद्या गावात संध्याकाळी कुणी 'टायगर, ये रे!' अशी हाक मारली की नवखा पाहुणा आधी झाडच शोधतो.

या कुत्र्यांना विकतचे पट्टे नसतात, गाद्या नसतात. चुलीच्या राखेत झोपायचं, उरलेला भात खायचा आणि घरातलं कुणी निघालं की मागे चालायचं. धानाच्या बांधीवर, सांदवाडीत, गुरांच्या मागे, मोहफुलं वेचायला, सगळीकडे.

धान निसवायला लागलं की रात्री रानडुकरं येतात. मग घरातलं कुणी तरी शेतावर जागलीला जातं. बांधावर माळा, खाली शेकोटी, वाजवायला पत्र्याचा डबा आणि सोबतीला कुत्रा. एकदा मी एका काकांच्या आणि त्यांच्या शेरूच्या सोबतीने अशा जागलीला जाऊन बसले होते. शेरू शेकोटीपाशी मुटकुळं करून पडलेला, डोळे मिटलेले. पण कान? एक कान शेताकडे, दुसरा मालकाच्या बोलण्याकडे, आणि दोन्ही सारखे वळत होते. कुत्र्याचा कान हलवायला डझनाहून जास्त स्नायू असतात. आपल्याला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. आम्ही गप्पा मारत होतो, तेवढ्यात शेरूचं नाक वर झालं. मानेपासून पाठीपर्यंतचे केस ताठ उभे राहिले. मग तो भुंकत बांधावर धावला. माळ्यावरचे काका उठलेसुद्धा नाहीत. डबा बडवत म्हणाले, ''डुक्कर हाय. माणूस असता तं असा भुकला नसता.''

म्हणजे बघा, कुत्रा माणसाला ओळखतो तसा माणूसही कुत्र्याचं भुंकणं ओळखतो. जंगलाकाठचे लोक आणखी एक खूण सांगतात. भुंकणारा कुत्रा एकदम गप्प झाला आणि शेपूट घालून पायात घुसला, तर माळ्यावरून उतरायचं नाही. जवळपास बिबट किंवा वाघ असू शकतो.

आता शेरूच्या नाकाकडे वळू. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात साधारण ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे त्या १२ ते ३० कोटी असतात! शिवाय नाकाची रचनाही वेगळी. आपण ज्या वाटेने श्वास घेतो त्याच वाटेने सोडतो. कुत्रा हुंगताना हवा समोरून आत ओढतो आणि नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर सोडतो. त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही आणि तो सेकंदाला चार-पाच वेळा हुंगू शकतो. पुढच्या वेळी मोती काही हुंगत असेल तेव्हा त्याच्या नाकपुड्यांच्या कडेच्या फटी नीट बघा. चार पैशांचाही खर्च नाही.

तुम्ही शाळेतून घरी येता तेव्हा तुमच्या दप्तराला डब्यातल्या लोणच्याचा, बसच्या सीटचा, मित्राच्या हाताचा आणि मैदानातल्या धुळीचा वास असतो. आईला फक्त 'पोराला घाम आला' एवढंच कळतं. मोतीला सगळा दिवस कळतो. तुम्ही वाटेत दुसऱ्या कुत्र्याला कुरवाळलं असेल तर तेही. उगाच नाही तो तुमचा हात इतका वेळ हुंगत!

पण हुंगून ओळखणं वेगळं आणि त्यात आनंद वाटणं वेगळं. कुत्र्याला आपल्या वासाने आनंद होतो, हे कळणार कसं? अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना चक्क एमआरआय यंत्रात पडून राहायला शिकवलं. हे यंत्र मोठा खडखडाट करतं, म्हणून कुत्र्यांच्या कानांवर झाकणं लावली. ना बांधलं, ना भूल दिली. कुत्रे आपणहून जाऊन डोकं स्थिर ठेवून पडायचे. (तुम्हाला फोटो काढताना दोन मिनिटं स्थिर बसता येतं का?) मग १२ कुत्र्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या माणसाचा, अनोळखी माणसाचा, ओळखीच्या कुत्र्याचा आणि अनोळखी कुत्र्याचा. मेंदूत एक भाग असा असतो, की काही तरी छान मिळणार असं वाटलं की तो जागा होतो. तो सगळ्यांत जास्त जागा झाला ओळखीच्या माणसाच्या वासाने. ओळखीच्या कुत्र्याचा नंबर त्याच्या मागे लागला! आणि ते माणूस तेव्हा खोलीत नव्हतंच. फक्त त्याचा वास होता.

वासाइतकीच नजर महत्त्वाची. मोती तुमच्याकडे टक लावून बघतो तेव्हा काय होतं? जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांनी २०१५ साली हे शोधलं, आणि त्यासाठी काय तपासलं असेल? शू! कुत्र्यांची आणि मालकांची. फिदीफिदी हसून झालं असेल तर पुढे वाचा. आपल्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं एक संप्रेरक असतं. आई बाळाकडे बघते, बाळ आईकडे बघतं, तेव्हा ते दोघांच्याही शरीरात वाढतं आणि जवळीक घट्ट होते. शास्त्रज्ञांनी कुत्रा आणि मालक यांना अर्धा तास एका खोलीत सोडलं. ज्या जोड्या एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिल्या, त्यांच्यात दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढलं. मालकाचंही वाढलं, हे लक्षात ठेवा. हाच प्रयोग माणसांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांवर केला, तर लांडगे मालकाच्या डोळ्यांत फारसे बघतच नव्हते.

यात आणखी एक मजा आहे. काही चुकलं की कुत्रा भुवई वर करून असा काही केविलवाणा बघतो, की रागावलेल्या आजीचाही राग जातो. ती आतली भुवई वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्याच्या चेहऱ्यात चांगला वाढलेला असतो. लांडग्यात तो जवळजवळ नसतोच. ज्युलियन कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ही गोष्ट दाखवून दिली. त्यांचा तर्क असा, की ज्या पिल्लांचे डोळे असे मोठे आणि बाळासारखे दिसले, त्यांना माणसांनी जास्त जपलं. आणि हजारो वर्षांत तो स्नायू कुत्र्यांत टिकून गेला. थोडक्यात, मोतीच्या पूर्वजांनी आपल्या आज्यांचा चांगला अभ्यास केलेला दिसतो.

आता गडचिरोलीच्या कुत्र्यांसाठी खास प्रश्न. या जिल्ह्यात भाषा किती! मराठी आहे, गोंडी आहे, भामरागडकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली, सीमेवर छत्तीसगढी. एकाच बाजारात फिरणाऱ्या कुत्र्याच्या कानावर दिवसभरात चार भाषा पडतात. त्याला त्यांतला फरक कळत असेल का?

असाच प्रश्न लॉरा कुआया या मेक्सिकोच्या शास्त्रज्ञ बाईंना पडला. त्या आपल्या कुन-कुन नावाच्या कुत्र्याला घेऊन हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात राहायला गेल्या. कुन-कुनने जन्मभर स्पॅनिश ऐकलेली, आणि इथे सगळे हंगेरियन बोलणारे. मग त्याच्यासह १८ कुत्र्यांना यंत्रात झोपवून एकाच गोष्टीचा उतारा दोन्ही भाषांत ऐकवला. रोजच्या कानावरची भाषा आणि परकी भाषा यांना कुत्र्यांच्या मेंदूने वेगवेगळा प्रतिसाद दिला! कुत्रा जितका वयस्कर, तितका हा फरक जास्त स्पष्ट. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे अहेरीच्या बाजारात पडलेला म्हातारा काळू दिसतो तितका काही अडाणी नसावा.

त्याच बुडापेस्टमध्ये २०१६ साली आणखी एक गोष्ट दिसली होती. कुत्र्याचा मेंदू शब्द आणि सूर वेगवेगळे तपासतो. कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला, तरच मेंदूतला तो आनंदाचा भाग नीट जागा होतो. 'शाब्बास' असं रागाने म्हणून बघा. मोती बुचकळ्यात पडेल. आणि 'मूर्खा, गधड्या' असं लाडाने म्हटलंत तर शेपूट हलेल खरी, पण त्याच्या मेंदूला ते खऱ्या शाबासकीसारखं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशातले लाडावलेले कुत्रे. आपल्या गावठी कुत्र्यांचं काय? त्यांच्यावर कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी कित्येक वर्षं काम करत आहेत. ते थेट रस्त्यावर जाऊन प्रयोग करतात. एका प्रयोगात अनोळखी कुत्र्यासमोर झाकलेली दोन भांडी ठेवली. एकात मांसाचा तुकडा, दुसऱ्याला नुसता मांसाचा वास लावलेला. मग माणसाने एका भांड्याकडे बोट दाखवलं. निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत, घाबरले. रस्त्यावर माणसाचा हात उठतो तो बहुतेक वेळा दगड मारायला, त्यांची काय चूक? पण जे जवळ आले, त्यांतले सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेले. त्यांना हे कुणीही शिकवलं नव्हतं. आपला जवळचा नातलग चिंपांझी, पण त्यालाही माणसाच्या बोटाचा अर्थ इतक्या सहज लागत नाही.

त्यांचा २०१७चा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. काही रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा जाऊन खाऊ दिला. दुसऱ्या काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. पुढे जास्त विश्वास कुणावर बसला? हात फिरवणाऱ्यावर! रस्त्यावरचं भुकेलं कुत्रं, तरी त्याला चिकनपेक्षा हात मोलाचा वाटला. चुलीपाशी राखेत पडणारा आणि मूठभर भातावर राहणारा शेरू मालकाला का सोडत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर फार जुनं आहे. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. त्यांतले काही माणसाच्या शेकोटीजवळ आले, टिकले आणि बदलत बदलत कुत्रे झाले. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक प्राचीन थडगं सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याच्या पिल्लाची हाडं होती. वय सुमारे १४ हजार वर्षं! पुढे २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्या पिल्लाचे दात बारकाईने तपासले. दातांवरच्या खुणांवरून दिसलं, की पिल्लू मेलं तेव्हा साधारण सात महिन्यांचं होतं आणि त्याआधी काही आठवडे ते फार आजारी होतं. बहुधा डिस्टेंपर झाला होता. या आजारात ताप येतो, उलट्या-जुलाब होतात, पिल्लाला उठवत नाही. कुणी पाणी पाजल्याशिवाय, स्वच्छ ठेवल्याशिवाय ते इतके दिवस जगलंच नसतं. शिकारीला त्याचा उपयोग शून्य. राखणीलाही शून्य. तरी हिमयुगातल्या त्या माणसांनी त्याची उस्तवार केली आणि शेवटी त्याला आपल्या माणसांजवळ पुरलं. कुत्र्याच्या इमानाच्या गोष्टी सगळे सांगतात. माणसाच्या इमानाची ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

इथे तुमच्यातलं एखादं हुशार पोट्टं विचारेल, ''मग ताडोबातले रानकुत्रे पाळता येतील का?''

नाही. रानकुत्रा, म्हणजे कोळसून, हा आपल्या कुत्र्याचा पूर्वज नाहीच. लांबचा भाऊबंद आहे. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी. भुंकण्याऐवजी शीळ घालून तो टोळीतल्या सोबत्यांना बोलावतो. आपल्या कुत्र्याला ४२ दात असतात, कोळसुनाला ४०. त्याची सगळी निष्ठा टोळीशी. माणूस दिसला की तो क्षणभर बघतो आणि झाडीत निघून जातो, आणि तेच त्याच्या भल्याचं आहे.

रानातलं एखादं पिल्लू माणसाने लहानपणापासून वाढवलं तर लळा लागतो, हे खरं. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ हेमलकसाला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पात, अनाथ झालेल्या वन्य प्राण्यांना असंच सांभाळलं गेलं. तिथल्या नेगल नावाच्या बिबट्यावर विलास मनोहर यांनी लिहिलेलं पुस्तक वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. पण लळा लागलेला एक बिबट्या म्हणजे काही बिबट्याची नवी जात नव्हे. त्याला पिल्लं झाली तर ती पुन्हा रानटीच. कुत्र्याचा बदल पिढ्यान्‌पिढ्या झिरपत गेला. तो कसा झाला असेल हे बघायला रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. पुढे ल्युदमिला त्रुत यांनी तो चालवला. दर पिढीतले सगळ्यांत शांत कोल्हे निवडायचे आणि फक्त त्यांचीच पिल्लं पुढे वाढवायची. सहा पिढ्यांतच काही पिल्लं माणसाला बघून शेपटी हलवायला आणि हात चाटायला लागली. पुढे काहींचे कान लोंबले, काहींच्या अंगावर पांढरे ठिपके आले. निवड फक्त स्वभावाची होती, रूप आपोआप बदललं!

आता थोडं गंभीर बोलायचं आहे. जंगलाकाठी कुत्रं पाळणं शहरासारखं सोपं नाही. वरोऱ्याला आनंदवनाची सुरुवात झाली ती १९५१ साली. बाबा आमटे आणि साधनाताईंबरोबर दोन तान्ही मुलं, सहा कुष्ठरुग्ण, खिशात १४ रुपये, एक लंगडी गाय आणि कुत्रीही होती. तेव्हा ती जागा म्हणजे खडकाळ माळ आणि झुडपी रान. साप, विंचू आणि हिंस्र जनावरांचा वावर. पहिल्या दिवसापासून घरच्यांमध्ये कुत्री मोजली गेली, कारण अशा जागी राखणीला दुसरं कोण?

पण राखण करणाऱ्यालाच धोका जास्त. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या आहारात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. वजनाच्या हिशेबात जवळपास ४० टक्के. म्हणजे तुमचा टायगर अंगणात मोकळा झोपला असेल, तर बिबट्याला ते जेवणाचं आमंत्रण आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळ, दुर्गापूरच्या वस्तीतसुद्धा बिबटे आणि वाघ येतात, मग खेड्यांचं काय सांगावं? रात्री कुत्र्याला घरात किंवा बंद पडवीत घ्या. साखळीने अंगणात बांधून ठेवणं तर सगळ्यांत वाईट. त्याला पळताही येत नाही. आणि मोहफुलं किंवा तेंदूपत्ता गोळा करायला जाताना 'कुत्रा आहे ना सोबत' म्हणून एकटं जाऊ नका. वाकून वेचणारा माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतो. चार-सहा जणांनी मिळून, बोलत, आवाज करत जायचं.

दुसरा धोका उलट दिशेने जातो. ओबरकासेलच्या पिल्लाला झालेला तो डिस्टेंपर आठवतो ना? तो आजही आहे, आणि कुत्र्यांकडून रानातल्या प्राण्यांत पसरू शकतो. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ साली त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडून तो आला असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये थोड्याच आठवड्यांत वीसहून जास्त सिंह दगावले; त्यांतल्या अनेकांत या रोगाचा विषाणू सापडला. वाघाला आणि कोळसुनालाही तो होऊ शकतो. म्हणून कुत्र्याला जंगलात शिकारीला नेणं, मेलेल्या जनावरावर सोडणं, हे प्रकार बंद व्हायला हवेत. वन्य प्राण्याची शिकार तर गुन्हाच आहे.

रोगांच्या या धोक्यावर उपाय आहे एका सुईत. डिस्टेंपरची लस मिळते आणि रेबीजचीही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, सहसा दर वर्षी. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की माणूस किंवा कुत्रा जवळजवळ कधीच वाचत नाही; पण लस वेळेवर घेतली तर हा आजार होतच नाही. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांपाशी बसलेल्या कुत्र्याच्या जवळ जाऊ नका, मग तो तुमचा कितीही लाडका असो. तरीही कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तर घरच्यांच्या रागाला घाबरून लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा; तिथे ही लस मोफत मिळते. हळद, चुना, मिरची काहीही लावायचं नाही.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. रेबीजची पहिली लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांची ती पुण्यतिथी. या सुमारास पुष्कळ ठिकाणी कुत्र्यांच्या लसीकरणाची शिबिरं होतात. बाबांना किंवा मोठ्या ताईला सोबत घ्या, शेरूला दोरी लावा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चला. सुई टोचताना त्याचं डोकं तुम्हीच धरा. ओळखीचा हात असला की तो कमी घाबरतो. लस दिल्यावर डॉक्टर तारीख लिहिलेलं कार्ड देतात. ते जपून ठेवा, कारण पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा जायचं आहे.